'दास राइख'ला उशीर कुणी केला?

दप्तरी
६ जून १९४४ला दोस्त सैन्य उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरलं. 'दास राइख' ही नाझींच्या एसएस दलाची रणगाडा डिव्हिजन ८ जूनला दक्षिण फ्रान्समधल्या मोंतोबाँहून निघाली. अंतर सुमारे ७०० किलोमीटर. तीन दिवसांच्या वाटेला फ्रेंच भूमिगतांमुळे १७ दिवस लागले, असं आपण वाचत आलो. जर्मन कागदांशी ताडल्याशिवाय हे श्रेय देऊ नये. डिव्हिजनला हुकूमच होता, आधी तुल-लिमोझ पट्ट्यातल्या 'माकी' गनिमांचा बंदोबस्त करा. म्हणजे ते दिवस वरच्या आदेशाने गेले. डिव्हिजनप्रमुख लामरडिंगची तक्रारही रणगाडे बंद पडतात, सुटे भाग नाहीत, हीच. शिवाय लोआर नदीवरचे पूल विमानांनी उडवलेले.

रूळजोडी
पण रणगाडे रस्त्याने का गेले? लांबच्या पल्ल्याला ते रेल्वेने नेतात, रस्त्यावर पट्टे झिजतात. ब्रिटिश गुप्तहेर टोनी ब्रुक्सच्या 'पिमेंटो' या भूमिगत जाळ्यातल्या रेल्वे कामगारांनी वॅगनच्या ॲक्सलमध्ये वंगणाऐवजी खरवडणारी पूड भरली होती. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते. ॲक्सल तापला की वॅगन तिथेच काढून ठेवायची आणि रजिस्टरात लिहायचं 'हॉट ॲक्सल'. पूड कुणी घातली ते रजिस्टरात येत नाही.

दप्तरी
मान्य. पण मग वॅगन किती, कुठल्या यार्डात, कुठल्या तारखेला, हे तरी जुळायला हवं. करणाऱ्यानेच मोजलं की आकडा फुगतो.

कृष्णाकाठ
तो हुकूम निघाला कशामुळे? माकींनी ७ जूनला तुलवर हल्ला चढवला होता. आघाडीवर हवी असलेली डिव्हिजन डोंगराळ भागात अडकली, तो त्याचाच परिणाम. आणि शत्रूचं दप्तर तरी निर्मळ कुठे? १९४२ मध्ये एसएसप्रमुख हिमलरने 'पार्टिझन' शब्द बंद करून 'टोळ्या' लिहायला लावलं. साताऱ्याच्या प्रतिसरकारलाही इंग्रजांनी दरोडेखोरच ठरवलं होतं. याच डिव्हिजनने ९ जूनला तुलमध्ये ९९ जणांना फासावर लटकवलं, दुसऱ्या दिवशी ओरादूरमध्ये सहाशेहून अधिक गावकरी मारले. त्यांना कुठल्या रकान्यात टाकलं असेल?

दप्तरी
हुकूम आणि अडथळा मी वेगळे धरले, ते चुकलं. '१७ दिवस' मात्र मी अजूनही मान्य करत नाही. डिव्हिजन एकत्र पोचलीच नाही. काही तुकड्या जूनच्या मध्यावर नॉर्मंडीच्या वाटेला होत्या, काही खूप मागे राहिल्या. कोणती तुकडी कशामुळे मागे राहिली, ते प्रत्येकीच्या युद्धडायरीतून वेगळं काढावं लागेल.