प्रति: पहिल्या नंबरावर किती आठवडे?

ज्या पोस्टला हे उत्तर देतोय, तिच्यात म्हटलंय की जो अल्बम पहिल्या नंबरावर जास्त आठवडे, तोच खरा हिट. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या बाबतीत हा हिशोब पार गंडतो. त्यांचा 'डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेत १९७३मध्ये फक्त एक आठवडा पहिला होता, एकच! पण बिलबोर्ड या तिथल्या संगीत-मासिकाच्या खपाच्या यादीत १९८८पर्यंत त्याने तब्बल ७४१ आठवडे काढले. त्यांचाच 'द वॉल' मात्र तिथे १५ आठवडे अव्वल.

इंग्लंडमध्ये, त्यांच्या घरच्या मैदानावर, तर गंमतच. १९७३ साली 'डार्क साइड' दुसऱ्यावर अडला, १९७९चा 'वॉल' तिसऱ्यावर. आणि पहिला नंबर कुणाला? १९८३च्या 'द फायनल कट'ला, जो आमच्या ग्रुपमध्ये कुणी दुसऱ्यांदा लावत नाही (मी लावतो, पण गुपचूप). १९७०चा 'अ‍ॅटम हार्ट मदर' तिथे पहिला, अमेरिकेत ५५वा. तेव्हाची आठवड्याची यादी त्या आठवड्याचा खप मोजायची. आधीच्या अल्बमच्या पुण्याईवर पहिल्याच आठवड्यात उड्या पडायच्या, बाकी काही नाही.

आमच्याकडे नौपाड्यात दादाची 'डार्क साइड'ची कॅसेट होती. टेप इतकी सैल की पेन्सिल घालून गुंडाळावी लागायची. बाजू पलटली की 'मनी' गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट, आणि आजी आतून ओरडायची, "अरे, कोण पैसे मोजतंय?" अशा घासून झिजलेल्या कॅसेटी कुठल्या यादीत धरायच्या, सांगा बरं?