टँकमध्ये सावली असते म्हणे!

वाळूतला_गनर
काल 'तर्रीपोहे' यांनी 1971 च्या राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईवर लिहिलं. शेवटच्या दोन ओळींपर्यंत झकास होतं. शेवटी मात्र हे वाक्य: "वाळवंटातली खरी लढाई पायदळाची. टँकवाले जाड पोलादाच्या सावलीत बसून बटणं दाबतात."

सावलीत! नवतप्यात दुपारी बंद असलेली पत्र्याची टपरी पाहिली आहे का कधी? तिच्यात इंजिन सुरू करा, डिझेलचा धूर सोडा, वरून झाकण लावा आणि आत तीन माणसं कोंबा. ती ही सावली.

मी टी-72 टँकवर गनर, म्हणजे तोफ डागणारा, होतो. डिसेंबर 2001 ते ऑक्टोबर 2002, 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये सैन्य सीमेवर नेलं तेव्हा, राजस्थानात. लढाई झाली नाही हे आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी तेवढंच धरून बसेल. पण मे-जून आम्ही टँकसोबत काढलेत. सकाळी दहानंतर टरेटला, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाला, उघडा हात लागला की चटका. तोफेच्या डावीकडे मी, उजवीकडे कमांडर, पुढे खाली ड्रायव्हर. गोळे भरणारा लोडर नसतोच. पायाखालच्या गोल चकरीत 22 राउंड, म्हणजे गोळे, असतात, मशीन स्वतः भरते. म्हणजे आम्ही दारूगोळ्याच्या पाटावर बसलेलो. 1991 च्या आखाती युद्धात इराकच्या टी-72 ची टरेटं उडून बाजूला पडली, ती या अशा ठेवणीमुळेच. ते फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. विषय मात्र कोणी काढत नसे.

आणि हॅच, म्हणजे वरचं झाकण, बंद केल्यावर दिसतं काय? पेरिस्कोपची पट्टी आणि पुढच्या टँकची धूळ. दुपारी तर जमीनच हलते. लांबचं झुडूप ट्रक वाटतं आणि ट्रक झुडूप. मऊ वाळूत जोरात वळलं की ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा पट्टा, उतरतो, मग उन्हात उतरून सब्बल आणि घण घेऊन तो चढवायचा. बटण दाबून चढत नाही, मी दाबून पाहिलंय.

तर्रीपोहे
गनर साहेब, आदर आहे. पण तुम्ही दहा महिने उन्हात उभे राहिले, लढले नाही. हे मी नाही, तुम्हीच म्हटलं. लोंगेवालात 4 डिसेंबर 1971 च्या रात्री 23 पंजाब पलटणीचे जेमतेम 120 जण होते. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींजवळ एकही टँक नव्हता. जीपवरची रिकॉइललेस तोफ अन् छाती, बस. समोरून पाकिस्तानच्या टी-59 अन् शर्मन टँकची रांग. कोणी थांबवलं त्यांना, पोलादवाल्यांनी का? अन् 8 ऑक्टोबर 1973 चं सिनाई पाहा. इजिप्तच्या पायदळानं खांद्यावरचं आरपीजी अन् सुटकेसमध्ये मावणारं सॅगर क्षेपणास्त्र घेऊन इस्रायली टँक फोडले. पायदळच ते. बोला.

वाळूतला_गनर
वा! म्हणजे टँक सुटकेसमधल्या क्षेपणास्त्रानं फुटतो हे तुम्हीच सांगितलं. मग कालची सावली कुठे गेली?

आणि लोंगेवाला सांगायचं तर पूर्ण सांगा. रात्रभर 23 पंजाबनं धरून ठेवलं, मान्य, हजार वेळा मान्य. काटेरी तार दिसली आणि समोरचे सुरुंगाच्या धास्तीनं थबकले, तेही मान्य. पण उजाडल्यावर टँक मारले जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी. हंटरना रात्री काही करता येत नव्हतं म्हणून तर पहाटेची वाट पाहावी लागली. तोवर त्या टँकवाल्यांनी रस्ता सोडला होता आणि बरेच वाळूत रुतले होते. डोक्यावर त्यांचं स्वतःचं एक विमान नाही.

वरून काढलेले ते फोटो पाहिलेत ना? वाळूवर ट्रॅकची गोल गोल वेटोळी. शाळेत असताना ते पाहून मी टाळ्या वाजवल्या होत्या. गनर झाल्यावर परत पाहिले तेव्हा कळलं, आत एक ड्रायव्हर बसलाय, त्याला वरचं काही दिसत नाही, कमांडर हेडफोनमधून ओरडतोय तसे तो दांडे ओढतोय, डावा, उजवा, पुन्हा डावा. शत्रूच होता, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तरी पोट ढवळतं.

महालचा_बंड्या
झालं. आता पाकिस्तानी ड्रायव्हरसाठी रडणं सुरू.

वाळूतला_गनर
रडत नाहीये. वाचता येत असेल तर परत वाच. तुझ्या वयाचा असताना मी त्याच डब्यात बसलो होतो. तू मोबाईलवर टँक चालवला असशील.

महालचा_बंड्या
वय नका काढू काका. मोबाईलवर का होईना, माझा टँक वाळूत रुतला नाही आजवर 😂

कूलरवाले_काका
भांडू नका बाप्पा. मले एक सांगा. तिथलं ऊन कोरडं, आपल्यासारखंच. कोरड्या उन्हात कूलर फर्स्ट क्लास चालते. तं टँकमध्ये काहून नाही बसवत? 41 टनाच्या गाडीत एक छोटा कूलर मावत नाही का?

वाळूतला_गनर
काका, कूलरला पाणी लागतं. आणि खिडकी लागते. तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता ना, मागून हवा यायला जागा ठेवा म्हणून? आम्ही तर गॅसहल्ल्याच्या तयारीत सगळी भोकं बंद करायची कवायत करायचो.

धरमपेठी_वाचक
पाण्यावरून आठवलं. 1942 मध्ये लिबिया-इजिप्तच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत माणशी दिवसाला साधारण गॅलनभर पाणी, कधी त्याहून कमी. पिणं, चहा, दाढी, त्यातच गाडीचं रेडिएटर. त्यांचे चार गॅलनचे डबे इतक्या पातळ पत्र्याचे की वाटेतच गळायचे. जर्मनांचे जेरीकॅन सापडले की आपल्याकडे लग्नात स्टीलचं पिंप मिळाल्यासारखा आनंद. गळके डबे मात्र वाया जात नसत. अर्धा कापायचा, वाळू भरायची, पेट्रोल ओतायचं, वर चहाचं आधण. पुढे सेंच्युरियन टँकमध्ये पाणी उकळायची सोय आतच दिली.

पण लोक एक विसरतात. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश टँकवर टू-पाउंडर तोफ होती आणि तिला स्फोटक गोळाच मिळत नसे, नुसता भरीव पोलादी. समोर दीड-दोन किलोमीटरवर जर्मन 88 मिमी तोफ दबा धरून बसलेली. टँकवाल्याला ती दिसली तरी भरीव गोळा तोफेच्या माणसांना मारणार कसा? थेट अंगावर बसला तरच. मे 1942 मध्ये गझालाच्या वेळी 75 मिमी तोफेचे ग्रँट टँक आले तेव्हा कुठे जरा बरं. त्यामुळे 'सुरक्षित' हा शब्द तर्रीपोहे यांनी मागे घ्यावा, असं मी नम्रपणे सुचवतो.

तर्रीपोहे
नम्रपणे म्हणे. तुम्ही नेहमी असंच नम्रपणे मारता. अन् मी 'सुरक्षित' लिहिलंच नव्हतं, 'सावलीत' लिहिलं होतं.

आयुध_निवृत्त
मी 34 वर्षं आयुध निर्माणीत काढली. गनर वेगळा, पायदळ वेगळं, विमानवाला वेगळा, सगळ्यांचे धागे निघतात. गोळ्याचं कवच लेथवर घडवणाऱ्याचा धागा कोणी काढला का आजवर? मायक्रोमीटर लावून लावून आमचे डोळे गेले. असो.

कूलर नाही पण एसीचं ऐका. 2001 मध्ये 310 टी-90 टँकचा करार झाला. त्यातली थर्मल साइट, म्हणजे उष्णतेवरून लक्ष्य दाखवणारी दुर्बीण, राजस्थानच्या उन्हात रुसायला लागली, तेव्हा टँकमध्ये एसी हवा म्हणून चर्चा सुरू झाली. यंत्राला गरम झालं तेव्हा. त्याआधी इतकी वर्षं माणूस आत वितळत होता, तेव्हा नाही.

महालचा_बंड्या
एसी म्हणजे लाड. उद्या म्हणाल टँकमध्ये संत्रा बर्फी द्या.

कूलरवाले_काका
एसीचं नाव नका काढू. एसीनं आपलं नागपूर बिघडवलं. पह्यले उन्हाळ्यात गल्लीत घरोघरी कूलरची घरघर, खसचा वास, रात्री गच्चीवर खाटा. आता बंद खोल्या अन् बिलं. अन् जे कूलर घेतात तेबी खसच्या जागी हनीकोंबचे पॅड मागतात. अरे, खस लावा खस!

धरमपेठी_वाचक
काका, खस दर वर्षी बदलावा लागतो. हनीकोंब तीन-चार वर्षं जातो. हिशोब करा.

कूलरवाले_काका
हिशोब तुमच्याजवळ ठेवा. तुमच्या हनीकोंबला वास येते का? प्लास्टिकचा येते. अन् लाकडाच्या भुशाचे, वुडवूलचे पॅड लावणारे तं माणसात धरतच नाही मी.

तर्रीपोहे
आमच्याकडे वुडवूलच आहे. काय म्हणणं आहे?

कूलरवाले_काका
तरीच तुमचं डोकं गरम राहते.

आयुध_निवृत्त
अरे, विषय काय चाललाय! टँक कुठे राहिला?

कामठी_रोडची_ताई
इतका वेळ नुसतं वाचत होते. माझे मिस्टर टँकवर ड्रायव्हर होते, 17 वर्षं. गनरदादा, तुम्ही ड्रायव्हरचं एक सांगितलं नाही. तोफेची नळी खाली झुकून नेमकी त्याच्या डोक्यावर थांबली तर त्याचं झाकण उघडत नाही. मग खालच्या झाकणातून निघायचं, निघता आलं तर. हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं, तेही त्यांचे मित्र जेवायला आले होते तेव्हा. हे स्वतः कधी बोलले नाहीत.

आता त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. घरात टीव्ही इतका मोठा की शेजारी बातम्या आमच्याकडच्या ऐकतात. कंबर गेली. अन् बेडरूमचं दार कधी लावू देत नाहीत, थंडीतही नाही. कूलरचं मात्र मी आज पहिल्यांदा कोणाला सांगतेय. आमचा कूलर जुना, पत्र्याचा, प्रचंड आवाज करतो. तो चालू असला की हे गाढ झोपतात. रात्री लाइट गेली अन् कूलर थांबला की ताडकन उठून बसतात अन् हात पुढे करून काहीतरी चाचपतात. मी विचारलं तर म्हणाले, "इंजिन बंद पडलं वाटलं." रिटायर होऊन नऊ वर्षं झाली.

तर्रीपोहे
ताई, नमस्कार. बरं, 'सावलीत' मागे घेतो. गनर साहेब, खूश? पायदळाचं जे लिहिलं त्यातला काना-मात्रा बदलणार नाही मी. चांदपुरींजवळ टँक नव्हता तो नव्हताच.

वाळूतला_गनर
नव्हताच. पायदळाबद्दल मी काही म्हटलं का? आमच्या पुढे रात्री पायी गस्त घालायचे ते, टँकच्या आवाजात त्यांना साप दिसला तरी ओरडून उपयोग नसे. तुमची पोस्ट शेवटच्या दोन ओळी सोडून चांगली होती, हे सुरुवातीलाच लिहिलंय. बंड्याला माफ केलेलं नाही.

महालचा_बंड्या
बरं ना काका. टँक नाही रुतला हे खोटं होतं, तीनदा रुतला.

कूलरवाले_काका
ताई, कूलर इतका आवाज करते म्हणजे मोटारीचा बुश गेला अन् पातं वाकडं. रविवारी येतो, पैसे नाही घेणार. एकदम सायलेंट करून देतो.

कामठी_रोडची_ताई
दादा, या, चहाला या. पण आवाज कमी नका करू.

कूलरवाले_काका
हो बाप्पा, ध्यानातच नाही आलं. मंग फक्त ग्रीस टाकतो, पातं तसंच राहू देतो. अन् इन्व्हर्टरवर कूलर चालते का ते पाहून घेऊ.

धरमपेठी_वाचक
साध्या इन्व्हर्टरवर मोटार गुरगुरते. नीट बघून घ्या.

कूलरवाले_काका
गुरगुरू द्या ना भाऊ, तेच तं पाह्यजे. अन् ताई, खसच लावू.