‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील हिरवा पोपट: दिलासा की उपरोध?

रविवारचा वाचक (प्रश्न)

आमच्या वाचनगटात गेल्या महिन्यात विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक आम्ही सर्वांनी मिळून मोठ्याने वाचले. खेडेगावात प्रयोगासाठी आलेली हौशी नाटकमंडळी वेळ घालवण्यासाठी गंमत म्हणून खोटा खटला मांडतात, त्यांच्यातल्याच अविवाहित शिक्षिका लीला बेणारे यांना आरोपी करतात, आणि त्या खेळातून बाईंचे खासगी आयुष्य व त्यांची गर्भावस्था उघडी पाडतात, असे हे नाटक. पात्रांविषयी फारसा वाद झाला नाही. वकिली न चाललेले सुखात्मे, इंटर नापास असूनही शास्त्रज्ञाचा आव आणणारे पोंक्षे, काशीकर दांपत्याच्या उपकारांखाली दबलेला बाळू रोकडे, हे सगळे आपापल्या अपयशाचा सूड लीला बेणारेवर उगवतात, हे बहुतेकांना मान्य होते. आमची गाडी अडली ती अगदी शेवटच्या क्षणावर. निष्प्राण झाल्यासारख्या पडलेल्या बेणारेबाईंजवळ गावातला सामंत हळूच येतो, घरातल्या लहान मुलासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट लांबूनच त्यांच्यापाशी ठेवतो आणि निघून जातो. मला हा संपूर्ण नाटकातील एकमेव माणुसकीचा क्षण वाटतो. गटातील एका ज्येष्ठ सदस्यांना मात्र त्यात क्रूर उपरोध दिसला, कारण मूल गमावण्याची शिक्षा नुकतीच ऐकलेल्या स्त्रीपुढे खेळणे ठेवले जाते. तिसऱ्या एका सदस्यांच्या मते पोपट हा केवळ पोपट आहे आणि आपण प्रत्येक वस्तूत प्रतीक शोधत बसतो. या तिन्हींपैकी संहितेच्या जवळ जाणारे वाचन कोणते, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

विंगेतला

तिसऱ्या सदस्यांची तक्रार मला अर्धीच पटते. या नाटकात वस्तू आधी वस्तू म्हणूनच येतात आणि पुढे त्यांच्यावर अर्थ साचत जातो. दाराची कडी पाहा. पहिल्या प्रवेशात सभागृहाचे दार उघडताना बेणारेबाईंचे बोट कडीत सापडते, आणि कडी बिघडलेली असल्यामुळे नीट सरकवली नाही तर माणूस आत कोंडला जाण्याची भीती आहे, हे सामंत त्यांना साधेपणाने समजावून सांगतो. प्रेक्षक ते विसरून जातो. पुढे खटल्याचा फास आवळत गेल्यावर त्या बाहेर पडण्यासाठी दाराकडे धावतात, तेव्हा दार बाहेरून अडकलेले असते. कोणीही मुद्दाम कुलूप लावलेले नाही. सैल कडी आपली आपण बसली आहे. गंमत म्हणून सुरू झालेल्या खेळातून बाहेर पडण्याची वाट कोणी न ठरवताच बंद होते. पोपटाकडेही असेच पाहावे, म्हणजे तो कोणाच्या हातात आहे आणि तो हात त्याआधी काय करून बसला आहे, एवढे आठवावे.

अंक तिसरा

विंगेतल्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तो हात आधी काय करून बसला आहे, हाच इथे कळीचा प्रश्न आहे, आणि ‘सामंत हा एकटाच निष्पाप’ असे जे सरसकट लिहिले जाते ते मला त्यामुळेच अपुरे वाटते.

सामंत खेडेगावातला, भाबडा, नाटकमंडळींना चहापाणी देणारा माणूस आहे, यात शंका नाही. परंतु दुसऱ्या अंकात त्याला साक्षीदार म्हणून उभे केले जाते तेव्हा तो काय करतो? स्वतःजवळचे काही सांगण्यासारखे नसल्यामुळे तो हातातल्या एका सवंग कादंबरीतला प्रसंग साक्ष म्हणून घडाघडा सांगतो: प्रोफेसर दामल्यांची (बेणारेबाईंच्या पोटातील मुलाचे वडील, जे रंगमंचावर कधीच येत नाहीत) खोली, आतून ऐकू येणारा बाईचा आवाज, या अवस्थेत मी कुठे जाऊ हा तिचा प्रश्न, आणि स्वतःच्या अब्रूची काळजी असलेल्या पुरुषाचे थंड उत्तर. कादंबरीतले हे वाक्य आणि बेणारेबाईंचे खरे दुःख एकमेकांवर इतके तंतोतंत बसते की खेळाचा खटला तिथून पुढे खरा होतो. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. तरीही सर्वांत धारदार पुरावा त्यानेच दिला, आणि तोही दुसऱ्याचे शब्द म्हणून दाखवून. मराठीत याला आपण पोपटपंची म्हणतो.

आता बेणारेबाई गुणगुणतात ते चिमणी-पोपटाचे बालगीत आठवा. त्यात पोपट चिमणीला तिचे डोळे ओले का, असे विचारतो; ती घरटे नाहीसे झाल्याचे सांगते; आणि कावळा आपल्याला त्याच्याशी काही देणेघेणे नाही म्हणून हात झटकतो. म्हणजे गाण्यातला पोपट निदान विचारपूस तरी करतो. सामंताने ठेवलेला पोपट कापडाचा आहे, मुका आहे, आणि सामंतही काही विचारत नाही. तेच गाणे शेवटी बेणारेबाईंच्याच आवाजात कुठून तरी ऐकू येते; त्यांची विचारपूस करणारा पोपट मात्र त्या पोकळ सभागृहात नाही. म्हणून मला त्या कृतीत करुणा दिसते आणि तिची असहायताही दिसते. आपल्या गटातील ज्येष्ठ सदस्यांचा ‘क्रूर’ हा शब्द मी सामंतासाठी वापरणार नाही, नाटकाच्या रचनेसाठी मात्र वापरेन.

याच धाग्याने स्वगताकडेही पाहता येईल. आरोपीला बाजू मांडण्यासाठी दहा सेकंद दिली जातात, इतर सर्व पात्रे गोठतात, बेणारेबाई पोटतिडकीने बोलतात, मामाने फसवल्याचे, दामल्यांना देव मानल्याचे, देहाविषयीच्या प्रेमाचे आणि चिडीचे सगळे सांगतात. आणि हालचाल पुन्हा सुरू होताच न्यायाधीश झालेले काशीकर वेळ संपल्याचे व आरोपीला काही सांगायचे नसल्याचे जाहीर करतात. ज्याने स्वतःचे शब्द वापरले त्याचे कोर्टाने ऐकलेच नाही, आणि ज्याने छापील शब्द म्हणून दाखवले त्याची साक्ष नोंदली गेली. (हे स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे तेंडुलकरांनी तालमींच्या काळात नाखुशीने लिहिले, असे नाट्यवर्तुळात सांगितले जाते. त्यांची नाखुशी मला समजू शकते, पण सुलभा देशपांडे यांनी केलेल्या बेणारेबाईंच्या भूमिकेचा विचार करताना त्या स्वगताशिवाय हे नाटक आता डोळ्यांपुढे उभेच राहत नाही.)

दफ्तरी

मी व्यवसायाने कायद्याच्या क्षेत्रातला असल्यामुळे एक बाब जोडतो. अभिरूप न्यायालयात बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवताना भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ पुकारले जाते. ते खुनाचे कलम होते; गर्भपात घडवून आणण्यासाठी त्या संहितेत कलम ३१२ होते. ही मंडळी खरा कायदा जाणतच नाहीत, त्यांना फक्त कोर्टाचा आवाज काढता येतो. नाटक रंगमंचावर आले तेव्हा स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणाने केलेला गर्भपात हा गुन्हाच होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. आणि निकाल काय, तर आरोपीने जिवंत राहावे पण पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गुन्ह्यासाठी खटला चालवला तोच गुन्हा करण्याची शिक्षा न्यायमूर्ती सुनावतात. हे ऐकल्यानंतर पोपट ठेवला जातो, त्यामुळे खेळणे हा योगायोग मानणे मला कठीण जाते.

रविवारचा वाचक

आपणा सर्वांचे आभार. सामंताच्या साक्षीचा आणि गाण्याचा संबंध आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता, आणि ‘एकमेव माणुसकीचा क्षण’ हे माझे विधान मी आता मागे घेतो. तरी एक शंका राहते. त्या क्षणी सामंताला आपल्या साक्षीचा परिणाम उमगलेला आहे, असे अभिनेत्याने दाखवावे काय? आमच्या गटातील दोघांना या प्रवेशाचे अभिवाचन करायचे आहे.

विंगेतला

दाखवू नये, असे मला वाटते. त्याला उमगले आहे असे दिसले की प्रेक्षक त्याला क्षमा करून मोकळा होतो. तेंडुलकरांनी त्याला शेवटी संवाद दिलेला नाही, आणि त्याआधी दार उघडून गावकरी कार्यक्रम सुरू झाला का, असे विचारून गेलेले आहेत. म्हणजे सामंताला कामाची घाई आहे, खरा प्रयोग अजून व्हायचा आहे. अभिवाचनात पोपट दिसणार नाही ही अडचण आहेच. रंगसूचना वाचणाऱ्याने ती साध्या, सपाट आवाजात वाचावी, आणि ‘लांबूनच’ या शब्दावर किंचित थांबावे.