‘पथारी’त ‘पथ’ आहे का? (रस्त्यावरच्या जागेचे शब्द)

शब्दखोर
एका अहवालाच्या मसुद्यात ‘पथारीवाले’ सगळीकडे खोडून ‘पथविक्रेते’ केलंय. समासात कारण दिलंय, ‘पथारी हा पथविक्रीचा बोलीतला अपभ्रंश’. हे पटत नाही. पथारीवाला, फेरीवाला आणि पथविक्रेता एकच का? त्याच मसुद्यात फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांच्या ‘सेन्स ऑफ बिलाँगिंग’ला ‘आपलेपणाची भावना’ म्हटलंय. तेही खटकतंय.

जुनी वही
पथारीचा पथाशी काही संबंध नाही. मूळ संस्कृत ‘प्रस्तर’, म्हणजे पसरलेलं, अंथरलेलं. गुजरातीत पथारी म्हणजे सरळ अंथरूणच. मराठीतही ‘पथारी पसरली’ म्हटलं की आधी झोपायची तयारी डोळ्यांपुढे येते, विक्री नंतर. आपलं ‘अंथरूण’ही त्याच ‘स्तृ’ धातूकडे जातं. गंमत म्हणजे ‘पत्थर’ आणि ‘फत्तर’ही प्रस्तराचेच. ‘पसरणे’ मात्र ‘सृ’चं, त्या घरातलं नाही. अर्थ जुळला म्हणून त्याला ओढून आत घेऊ नये.

म्हणजे समासातली टीप उलटी आहे. ‘पथविक्रेता’ हा अलीकडे घडवलेला शब्द, पथारी त्याच्या कितीतरी आधीची.

मंडईकर
व्युत्पत्ती ठीक, पण पथारी ही एक वस्तू आहे, तीही सांगायला हवी. खाली गोणपाट, कारण फरशी सकाळी ओली असते आणि दुपारी तापते. त्यावर ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिकचा कागद. पालेभाजी असेल तर वर ओलं फडकं. कपडे, पट्टे, मोबाइलची कव्हरं विकणारे चारी कोपऱ्यांना दोरी ओवून ठेवतात. ‘गाडी आली’ अशी हाक आली की (गाडी म्हणजे पालिकेची, अतिक्रमणवाली) दोऱ्या एकत्र ओढायच्या, की पथारीचं गाठोडं होतं. भाजीला हे जमत नाही. टोमॅटो खाली जातात, वर कोबी पडतो. म्हणून भाजीवाल्या माल पाटीत किंवा क्रेटमध्येच ठेवतात आणि पथारीवर फक्त वाटे मांडतात, दहाचा वाटा, वीसचा वाटा. गाडी आली तर नुकसान वाट्यांपुरतं.

या सगळ्यात फिरणं कुठेच नाही. फेरी करतो तो फेरीवाला: बोहारीण, कल्हईवाला, कुल्फीवाला. मुंबईत मात्र बसून विकणाऱ्यालाही फेरीवालाच म्हणतात, आणि पालिकेचे फलकही ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ असेच लागतात. पुण्यात ‘पथारी’ टिकला. तिथल्या संघटनेचं नावच पथारी व्यावसायिक पंचायत आहे.

कलम-कागद
हा फरक कागदावर महागात पडू शकतो. पथविक्रेत्यांचा कायदा 2014चा, लागू झाला 1 मे 2014 रोजी. त्यात स्थिर आणि फिरता असे प्रकार आहेत आणि विक्री प्रमाणपत्र त्या-त्या प्रकाराचं मिळतं. सर्वेक्षण करणाऱ्याने ‘काय करता?’ विचारलं, समोरून ‘फेरीवाला’ उत्तर आलं आणि त्याने ‘फिरता’वर खूण केली, की ठरावीक जागेवरचा दावा तिथेच कच्चा होतो. उत्तर ‘अमुक ठिकाणी बसतो’ असं द्यावं, आणि सही किंवा अंगठ्याआधी प्रकाराचा रकाना वाचून घ्यावा.

मसुद्यातल्या खाडाखोडीबद्दल: कायद्याच्या व्याख्येतच म्हटलंय की पथविक्रेत्यात स्थानिक किंवा प्रादेशिक असे सर्व समानार्थी शब्द येतात. तेव्हा ‘पथारीवाले’ खोडायची गरज कायद्यानेच ठेवलेली नाही. कलमांबद्दल लिहिताना ‘पथविक्रेता’, माणसांबद्दल लिहिताना त्यांचा शब्द, असं करता येईल.

शब्दखोर
आणि माल ‘उचलला’ याला ‘जप्ती’ म्हणायचं का?

कलम-कागद
यादी दिली तर जप्ती, नाही दिली तर उचलला. बोलीत हा भेद फार नेमका आहे! कायद्यानुसार जप्त मालाची यादी करून तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यायची असते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. जागेवरून हलवायचं तर आधी 30 दिवसांची नोटीस. घोळ होतो तो यादीपाशी. हातगाडीवर किती किलो काय होतं याचा कागदच नसेल तर परत मागायचं काय?

ओटा
आत्ताच वर ‘बसतो’ हे क्रियापद आलं, त्यावर थोडं थांबायला हवं. ‘कुठं बसता?’, ‘मी दत्तमंदिरापाशी बसते’, ‘ती बसायची जागा माझ्या सासूची’. इथे बसणे म्हणजे उभं नसणे नव्हे. उभ्याने वडे तळणारा गाडीवालाही ‘मी इथं बसतो’ म्हणतो. जागा, वेळ, गिऱ्हाईक आणि शेजारणीने मान्य केलेला हक्क, हे चारही त्या एका क्रियापदात आहेत. जम ‘बसतो’, बस्तानही ‘बसतं’. भवानी व्हायच्या आत कोणी दुसऱ्याच्या जागेवर पाटी टेकवली तर शेजारच्या बायका ‘इथं ती बसते’ एवढंच म्हणतात, आणि ते पुरतं.

हातगाडीचं क्रियापद वेगळं, ती ‘लागते’. भटक्यांची पालं ‘पडतात’, आणि पडलेलं पाल उठणारच हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. बिऱ्हाड ‘करतात’ किंवा ‘थाटतात’. विंचवाचं तेवढं पाठीवर.

‘रस्ता’ही असाच. रस्त्यावर येणे म्हणजे देशोधडीला लागणे, रस्त्यावर उतरणे म्हणजे मोर्चा, रस्त्याला लागणे म्हणजे निघणे. अनुवादात ‘ही कुटुंबे 1970च्या दशकात रस्त्यावर आली’ असं लिहिलंत तर यातला नेमका कोणता अर्थ घ्यायचा?

रात्रपाळी
राहणाऱ्यांच्या शब्दांकडे वळू. ‘बेघर’ सरसकट वापरू नये. जनगणना जी मोजणी करते ती एका रात्रीची. 2011मध्ये ती 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात सुमारे 17.7 लाख माणसं निघाली: उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत. पण फुटपाथवर भिंतीला टेकून बांबू-ताडपत्रीचं खोपटं, त्यात चूल, भांडी आणि शाळेची दप्तरं असलेलं कुटुंब स्वतःला बेघर म्हणत नाही. ‘आम्ही इथं राहतो’ म्हणतं. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985मध्ये उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, त्यामागचा युक्तिवादही हाच होता: माणूस तिथे राहतो कारण काम जवळ आहे. घर हलवलं की रोजगार तुटतो. (हुकूम मात्र पूर्ण त्यांच्या बाजूचा नव्हता. पुरेशी नोटीस देऊन हटवता येईल असंही त्यातच आहे.)

मतदार यादीला हे चांगलं समजलंय. नाव नोंदवायच्या अर्जात, म्हणजे नमुना 6मध्ये, झोपायच्या जागेचा पत्ता द्यायचा. केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन माणूस खरंच झोपतो का ते पाहतो, तेही एकाहून जास्त रात्री. पटलं तर निवासाचा कागद लागत नाही. त्यामुळे पत्ता ‘पुलाखाली’ एवढाच नको. पुलाचं नाव, कोणत्या बाजूचा कितवा खांब, समोरचं दुकान असं सगळं हवं. नाहीतर अधिकारी भलत्याच टोकाला शोधतो आणि अर्ज फेटाळला जातो. इथे पुरावा आहे तो क्रियापदाचा, झोपण्याचा.

जुनी वही
उलट उदाहरण 1959च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यातलं. पोटापाण्याचं साधन दिसत नसताना आणि भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा तऱ्हेने सार्वजनिक जागी भटकणं किंवा थांबून राहणं, दोन्ही भीक मागण्याच्या व्याख्येत बसतं. वर आलेली बसणे, लागणे, पडणे, राहणे ही सगळीच त्यात जाऊ शकतात.

शब्दखोर
मग ‘बिलाँगिंग’?

ओटा
‘आपलेपणा’ माणसांमधला असतो, जागेशी नसतो. जागेसाठी ‘हक्काची जागा’ आहेच. ‘आपुलकी’ तर लग्नपत्रिकेतली वाटते. नाम शोधत बसू नका, वाक्य फोडा: ‘इथे आपलं कोणी आहे, आणि इथून आपल्याला कोणी उठवणार नाही, असं त्यांना वाटतं’. लांब झालं, पण त्यातला ‘उठवणे’ महत्त्वाचा. बसणे आणि उठवणे यांची जोडी आहे.

मंडईकर
‘उठवणे’ला दुजोरा. अतिक्रमण ‘हटवतात’, माणसाला ‘उठवतात’. बातमी आणि बाजार यांतला फरक.

शब्दखोर
मसुदा तसा बदलतो. शेवटचं एक: अनेकवचन ‘पथाऱ्या’ की ‘पथार्‍या’?

जुनी वही
दोन्ही एकच आहेत, संगणकावर कसं टाइप केलं तेवढाच फरक. मात्र ‘पथार्या’ असं रफार देऊन लिहू नका, ते ‘आर्या’सारखं वाचलं जाईल. स्त्रीलिंगी: ती पथारी, त्या पथाऱ्या, पथारीवर, पथाऱ्यांवर.