आबांना इन्सुलिन कसं समजावू?

जिंतूरचा पोरगा
आबांचं वय ६४, शुगर ११ वर्षांपासून, गोळ्या चालू. मागच्या महिन्यात तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी (HbA1c) १०.८ टक्के आली, उपाशीपोटी शुगर २६०. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. बाहेर गर्दी, समजावून कुणी सांगितलं नाही.

आबा म्हणतात, "सुई म्हणजे शेवट." शेजारच्या काकांना सुई सुरू झाली अन् सहा महिन्यांत पाय कापावा लागला, तेच त्यांच्या मनात बसलंय. मी हार्मोन, स्वादुपिंड असं सांगायला लागलो तर बाजेवरून उठून गोठ्यात निघून गेले. घरात फ्रिजही नाही. मी संभाजीनगरला नोकरीला, महिन्यातून एकदा गावी जातो. त्यांना पटेल असं कसं सांगू?

निवृत्त सिस्टर, परभणी
दादा, ३१ वर्षं उपकेंद्रात अन् ग्रामीण रुग्णालयात काढली, म्हणून सांगते. आबांना घरात बसवून सांगू नका. बांधावर न्या.

रक्त म्हणजे पाट, साखर म्हणजे पाणी. पाटाला पाणी आलं म्हणून पीक भिजत नाही, दारं धरणारा लागतो. तो वाफ्याचं तोंड फोडतो तेव्हा पाणी आत जातं. शरीरात दारं धरायचं काम इन्सुलिन करतं. ते कमी पडलं की पाट तुडुंब अन् वाफे कोरडे. म्हणून शुगर २६० असूनही माणूस गळून जातो, वाळतो. जास्तीचं पाणी पाट फोडून वाहतं, तीच रात्रीची चार-चारदा लघवी. अन् तुंबलेला पाट वर्षानुवर्षं तसाच राहिला की कड खचते. डोळ्याच्या, मूत्रपिंडाच्या, पायाच्या बारीक नसा अशाच खराब होतात.

काही गोळ्या घरच्या गड्याला जास्त राबवतात, काही वाफ्याची माती मऊ करतात. ११ वर्षांनी गडी थकलाय. सुई म्हणजे बाहेरून आणलेला गडी. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

आता काकांच्या पायाचं. त्यांना मी पाहिलेलं नाही, पण असे पाय पुष्कळ पाहिले. एक मावशी आल्या होत्या. चपलेतून बाभळीचा काटा घुसून आत मोडलेला, अन् त्या आठ दिवस त्याच पायानं कापूस वेचत होत्या. दुखलंच नाही, कारण शुगरनं तळपाय बधिर झालेला. चप्पल काढली तेव्हा वास आला. मोठ्या दवाखान्यात नेलं, शुगर आटोक्यात यावी म्हणून इन्सुलिन सुरू केलं, अन् दोन बोटं काढावी लागली. गावात काय पसरलं? सुई दिली अन् बोटं गेली. सुई तर सगळ्यात शेवटी आली होती दादा. बोटं त्याच्या आधीच्या वर्षांनी नेली. आबांना हेच सांगा, अन् रोज रात्री त्यांचे तळवे कुणीतरी दिव्याजवळ धरून बघा.

औंढ्याची सून
फ्रिजचं मी सांगते, सासूबाईंचं इन्सुलिन चार वर्षांपासून मीच देते. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मधे वाळू भरून ओली ठेवायची. बाटली डबीत घट्ट बंद करून आतल्या मडक्यात ठेवायची, वर ओलं फडकं, अन् सगळं सावलीत. उन्हाळ्यातही थंड राहतं. एकावेळी एकच बाटली आणा, फोडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्या. कुणाच्या फ्रिजमध्ये ठेवलीच तर बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

अन् सिरिंज बघून घ्या. बाटलीवर ४० असेल तर सिरिंजवरही ४० च पाहिजे, तिचं टोपण लाल असतं. आम्ही एकदा केशरी टोपणाची, १०० ची आणली. आठ दिवस अर्ध्याहूनही कमी औषध जात होतं अन् शुगर का उतरत नाही म्हणून आम्ही रडकुंडीला आलो होतो.

जिंतूरचा पोरगा
काल हरभऱ्याला पाणी देताना सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत, फावड्यानं दार बुजवत राहिले. मग विचारलं, "हा गडी रोजानं का सालानं?" मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्त सिस्टर, परभणी
खरं तेच सांगा, सालगडी. दर पाडव्याला पुन्हा ठेवायचा. कुणाचा डोस कमी होतो, क्वचित बंदही होतो, पण तसा शब्द त्यांना देऊ नका. उद्या तो खोटा ठरला तर तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाहीत.

पहिले काही दिवस कुणीतरी सोबत पाहिजे, तुम्हाला सुट्टी मिळाली तर उत्तमच. सुई घेऊन उपाशीपोटी शेतात जायचं नाही, शुगर एकदम फार खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. साखरेची पुडी बंडीच्या खिशात कायम असू द्या. अन् आबा एकादशी धरत असतील तर त्या दिवशी सुईचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.