विषय: १६६६ची आग आणि पुठ्ठ्याचं घर

नमस्कार मंडळी,
आमची कन्या इथं इंग्लंडच्या शाळेत इयर टूमध्ये (सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग) आहे. या टर्मला 'ग्रेट फायर ऑफ लंडन' चाललंय. शुक्रवारी त्या काळचं पुठ्ठ्याचं घर न्यायचंय. मग शाळेच्या मैदानात सगळी घरं रांगेत मांडून पेटवणार म्हणे! घर करू कसंबसं. पण तिनं विचारलं, "थेम्स इतकी जवळ होती, तर पाणी का नाही मारलं?" मी गप्प. कुणी सांगेल का? आणि बुटांची रिकामी खोकी असतील तर हवी आहेत.
— हवालदिल आई

—

ताई, खोकी दोन आहेत, उद्या संध्याकाळी घेऊन जा.

पोरीचा प्रश्न एकदम बरोबर आहे. पाणी मारलं, पण कशानं? कातडी बादल्या आणि हातपिचकाऱ्या! २ सप्टेंबरच्या पहाटे पुडिंग लेनमध्ये टॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली. उन्हाळा कोरडा गेलेला, त्यात पूर्वेचा सोसाट्याचा वारा. नदीकाठच्या वखारींत तेल, डांबर, चरबी. म्हणजे पाण्याकडे जायची वाटच पेटली. खरा उपाय होता आगीच्या पुढची घरं लोखंडी हुकांनी ओढून पाडायची, म्हणजे मध्ये फट पडून आगीला पुढे जळायला काही उरत नाही. पण भरपाई कोण देणार, या धास्तीनं महापौर ब्लडवर्थ हात आखडत राहिले. शेवटी सॅम्युअल पीप्सनं (नौदलाचा अधिकारी, रोजनिशीसाठी प्रसिद्ध) जाऊन राजाला गाठलं, तेव्हा हुकूम निघाला. (याच पीप्सनं आपलं पार्मेझान चीज बागेत पुरून वाचवलं. मुलांना पुढे तेवढंच आठवतं!) नंतर तर सुरुंगाच्या दारूनं घरं उडवली, वाराही पडला, तेव्हा कुठे आग आटोक्यात आली. तोवर १३,२०० घरं आणि ८७ चर्च गेली होती.

घराचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे काढा. गल्लीत समोरासमोरचे माळे जवळजवळ टेकायचे, ते तिला दिसू दे. आणि बाईंना सुचवून बघा: रांगेत मध्येच एक मोठी फट ठेवा.
— काका

—

काका, रॉबर्ट ह्यूबर्ट राहिला. हा फ्रेंच घड्याळजी. आग आपणच लावली असं कबूल केलं नि फासावर गेला. प्रत्यक्षात आग लागल्यावर दोन दिवसांनी तो लंडनला पोचला होता! तेव्हा फ्रेंच-डचांशी युद्ध चालू होतं, रस्त्यात परदेशी दिसला की लोक मारहाण करत. सात वर्षांच्या पोरीला फाशी नका सांगू. पण परक्या माणसांवर आळ घेतला, एवढं सांगाच. माझ्या मुलाच्या वेळी वर्गात नुसती बेकरीच झाली, मला तेव्हाही खटकलं होतं.

—

मंडळी, आभार! बाईंनी फट ठेवली. अलीकडची घरं धडाधडा पेटली, पलीकडची तीन तशीच उभी राहिली. त्यांत आमचं एक. बाई खूश, मी खूश, कन्या मात्र घरी येईपर्यंत रडत होती: "सगळ्यांचं जळलं, माझंच नाही!"
— तीच आई