साखळी ड्रिलला जमते, रोलिंगला तुटते. लवकर सांगा

पाठमोरा
दीड वर्ष झालं जिजुत्सू (जमिनीवर धरपकड करून लढायची कुस्ती) करतोय. क्लोज्ड गार्डमधून (पाठीवर पडून, पाय समोरच्याच्या कंबरेभोवती अडकवून) आर्मबार (कोपर ताणायचा), तो हुकला की ट्रायँगल (पायांत मान आणि एक हात आवळायचा), तोही हुकला की ओमोप्लाटा (पायांनी खांदा पिळायचा), एवढीच साखळी गेले दोन महिने रोज घोटतोय. ड्रिलला लोण्यासारखी जाते. रोलिंग (खरी झटापट) सुरू झालं की पहिल्याच कडीला बोंब. आर्मबारला गेलो की समोरचा माणूस हात काढतो आणि मी तिथेच लटकलेला, पुढचं काही सुचत नाही, मग तो गार्ड पास करून (माझे पाय ओलांडून) वर येऊन बसतो. कोच म्हणतात होईल होईल, रिपीट कर. स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय. 'सराव वाढवा' असलं कृपया नको, ते मलाही कळतं.

निळापट्टा
गी (जाड कुडता घालून) का नो-गी? वजन? आणि हात काढतो म्हणजे नेमका कसा काढतो, कोपर मागे खेचून, ताठ उठून, का तुझ्यावर रेलून तुझी घडी घालून? तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत राव.

पाठमोरा
नो-गी, ६२ किलो. हात काढतो म्हणजे काढतो, तेव्हा कसा ते कोण बघत बसणार.

निळापट्टा
मेख तिथेच आहे. तो कसा निसटतोय हे बघूनच पुढचा डाव ठरतो, 'आता दोन नंबरचा' असं नसतं. कोपर मागे खेचलं की त्याचा एक हात तुझ्या पायांच्या बाहेर गेला आणि दुसरा आत राहिला, म्हणजे ट्रायँगल तयारच आहे. तो रेलून घडी घालत असेल तर आधी कंबर बाजूला काढून कोन घे, समोरासमोर राहिलास तर मान दुखेल तुझीच. मी ब्लू बेल्ट मिळेपर्यंत एका बाजूने दिवसाला १०० रिप (तोच डाव पुन्हा पुन्हा) मारायचो. रिपला पर्याय नाही.

मेलबर्नकर
रिपला पर्याय नाही, हे वाचून हसू आलं. आमच्या जिममध्ये असलं ड्रिलिंग बंदच केलंय. मेलेल्या माणसावर हजार वेळा डाव मारून काय होणार? थेट गेम खेळा, वरच्याचं काम सुटून उभं राहायचं, खालच्याचं काम काहीही करून त्याचा एक हात आपल्या पायांच्या आत, एक बाहेर ठेवायचा. डाव आपोआप सापडतात.

निळापट्टा
आपोआप सापडतात म्हणे. व्हाइट बेल्टला (नवख्याला) ट्रायँगल कुठून लावायचा हेच माहीत नसेल तर तो दोन मिनिटं नुसता पाय झाडेल. तुमच्याकडे मुळात सगळे आधीपासून येणारे असतील.

तालीमवाला
पोरांनो भांडू नका. मी कोल्हापूरच्या मातीतला, आता वय झालं. हे साखळी वगैरे आमच्यात नवीन नाही. पट काढायला गेलं, जोडीनं पाय मागे टाकला, की तिथूनच दुसरा डाव बांधायचा, प्रत्येक डावाला तोड असते आणि तोडीलाही तोड असते. वस्ताद एक पोरगं डावाला उभं करायचे आणि दुसऱ्याला कानात सांगायचे की कुठली तोड दे. डाव मारणाऱ्याला ते माहीत नसायचं. बाकी तुम्ही पाठीवर झोपून कुस्ती करता हेच मला पटत नाही. पाठ टेकली की निकाल लागला.

निळापट्टा
काका, इथे पाठ टेकण्याला गुण जात नाहीत. उलट कुस्तीतून आलेली पोरं पाठ वाचवायला पालथी होतात आणि सरळ पाठ देऊन गळा आवळून घेतात. आमच्याकडे दर महिन्याला एक तरी येतो तसा. पण ते कानात सांगायचं लाख बोललात.

तालीमवाला
पालथं पडल्यावर गळा आवळतात? हा कसला न्याय. असो. पाठमोरा, जोर-बैठका किती मारतोस?

गुडघेदुखी
तुमचं वाचून विचारतो, घरी टाकायला मॅट कुठली घ्यावी? २५ मिमीची पुरेल का? खाली फरशी आहे. आणि बायकोला काय सांगायचं?

पाठमोरा
गुडघेदुखी, नवीन धागा काढा ना.

मेलबर्नकर
एक विचारायचं राहिलं. ड्रिलला पार्टनर कोण असतो?

पाठमोरा
मावसभाऊ. का?

मेलबर्नकर
तो चांगला मुलगा आहे का?

पाठमोरा
म्हणजे काय? चांगलाच आहे. मदत करतो. आर्मबार लावला की स्वतःच कोपर काढतो, मग मान पुढे देतो, ओमोप्लाटाला तर खांदा आणूनच ठेवतो.

निळापट्टा
😂 घ्या. दोन महिने तू साखळीची नाही, मावसभावाची प्रॅक्टिस केलीस.

मेलबर्नकर
आता काका म्हणाले तेच कर. आर्मबार अर्धा लागलेल्या पोझिशनवरून सुरुवात. भावाला आधीच सांगून ठेव की तीनपैकी एक सुटका करायची, कोणती ते तुला सांगायचं नाही. पहिले दोन दिवस हळू, मग पन्नास टक्के जोर, मग पूर्ण. दोन मिनिटांचा राउंड, तो सुटला किंवा तू टॅप घेतलास (त्यानं थापटून हार मानली) की पुन्हा तिथूनच. उभं राहून सुरुवात करण्यात वेळ घालवू नकोस.

निळापट्टा
हे पटलं, फक्त आधी रिप मारायचे. आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून व्हिडिओ काढ, बघ काय करतोस.

*(चार दिवसांनी)*

पाठमोरा
व्हिडिओ काढला. लाज वाटली. तो कोपर मागे घेतो त्या क्षणी मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट सोडून डोकं धरायला धावतो आणि त्याच वेळी माझे गुडघे फाकतात, दोन्ही पाय हवेत. तो आरामात ताठ उठतो. म्हणजे मी पहिला डाव सोडून मग दुसरा शोधतोय. दुसरं म्हणजे ट्रायँगलला मी नडगीऐवजी स्वतःच्या पायाची बोटं धरून ओढतोय, घोटा आधीच दुखत होता, का ते आता कळलं.

निळापट्टा
बोटं सोड आधी, घोटा जाईल. नडगी पकड, कंबर फिरव, मग लॉक. मनगट मात्र पाय खांद्यावर जाईपर्यंत सोडायचं नाही, आणि गुडघे चिकटलेले.

पाठमोरा
काल आठ राउंडमध्ये तीन वेळा ट्रायँगलपर्यंत गेलो. एकदा लागला. ओमोप्लाटाला तो पुढे कोलांटी मारून सुटतो, तिथं मी बघतच बसतो.

तालीमवाला
कोलांटी मारली की त्याच्या कंबरेला मिठी मार की, उठून बसू देऊ नको. एवढं कुणी सांगितलं नाही होय तुला?

निळापट्टा
काका बरोबर बोलले.

गुडघेदुखी
नवीन धागा काढलाय, कुणी बघितला का?